शेंग्याचं पथ्यपाणी

कुत्र्यानं काय खावं याविषयी माझं मत कुणी विचारलं असतं, तर 'वाढलेलं खावं' एवढं सांगून मी पुन्हा पेपरात डोकं घातलं असतं. आमच्या घरात माणसांनाही याहून वेगळी वागणूक नाही. पण सत्यनारायणाच्या दिवशी आबासाहेबांच्या दारात जी मोठी रांगोळी काढली होती, तिच्या बरोबर मधोमध आमच्या शेंग्यानं पोट मोकळं केलं, आणि त्या दिवसापासून कुत्र्याचा आहार या विषयानं माझा पिच्छा पुरवला.

शेंग्या म्हणजे आमचा कुत्रा. रंग भुईमुगाच्या टरफलाचा, म्हणून हे नाव. माझ्या मुलीनं, सिद्धेश्वरीनं, त्याला पिल्लू असताना रस्त्यावरून उचलून आणलं, 'बाबा, त्याचं सगळं मी करीन' अशी शपथ घेतली आणि नोकरी लागताच पुण्याला निघून गेली. आता ती रोज व्हिडिओ कॉल करते. पहिलं वाक्य असतं, "शेंग्याला दाखवा." मी फोन धरतो. फोन धरायला घरात कुणीतरी लागतंच, तेवढा माझा मान अजून टिकून आहे.

आबासाहेब हे जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीचे चेअरमन. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही आणि आलेलं पाणी कुठल्या टाकीत सोडायचं, त्या व्हॉल्व्हची चावी आबासाहेबांच्या खिशात असते. म्हणून त्यांच्याशी वाकडं घ्यायची कुणाची छाती होत नाही. रांगोळी धुऊन काढल्यावर ते आमच्या दारात आले. सोवळं अजून अंगावर होतं.

"सोमशेखरराव, जिन्यात झालं, म्या गप बसलो. लिफ्टम्होरं झालं, गप बसलो. आता देवाच्या कार्यात झालं. म्होरल्या मीटिंगला ठराव घेतो. वैरागला माझ्या मेव्हण्याचं रान हाय, तितं सोडू त्याला. मोकळं फिरंल की!"

शेंग्या रानात मोकळा फिरेल! कुकरची शिट्टी झाली तरी जो माझ्या आईच्या पलंगाखाली शिरतो, तो तिथे कोल्ह्यांना काय तोंड देणार? मी वरवर हसलो. तो गेला तर सिद्धीला मी फोनवर काय दाखवू? आणि खरं सांगायचं तर सिद्धीचं नाव पुढे करण्यात अर्थ नाही. कॉलेजच्या ऑफिसातून घरी आलो की मला बघून ज्याला आनंद होतो, असा घरात तो एकटाच आहे.

माझी आई, म्हणजे गुरम्मा, तिला आम्ही अव्वा म्हणतो. तिनं पलंगावरून सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मुक्या जिवाचं पोट हाय ते, यप्पा. तुझं कवा बिघडत न्हाई व्हय?" माझी बायको शिवलीला हे ऐकून इतकी जोरात हसली की मी विषय बदलला.

मी हेडक्लार्क माणूस. कुठलंही प्रकरण अंगावर आलं की घाबरायचं नाही, आधी मुळाशी जायचं, ही माझी पद्धत. शेंग्याचं पोट का बिघडतं हे शोधून काढायचं आणि मीटिंगच्या आत ते सुधारून दाखवायचं, असं मी जाहीर केलं. जाहीर केलं हीच चूक झाली.

वरच्या मजल्यावरचे सिद्रामप्पा वीज खात्यातून रिटायर झालेले. ते म्हणाले, "पोट म्हणजे ट्रान्सफॉर्मर हो. लोड बॅलन्स पाहिजे. एका फेजवर सगळं टाकलं की उडालाच." कुठल्या फेजवर काय टाकायचं ते मात्र त्यांना सांगता येईना. तळमजल्यावरच्या बजाबाई मुलाकडे राहायला गावाकडून आलेल्या. त्यांनी जिन्यातच मला थांबवलं. "ताकात हिंग घालून पाजा. आमच्या म्हशीला लई गुण आला हुता." मी म्हटलं, "बजाबाई, हा कुत्रा आहे." त्या म्हणाल्या, "आवो, पोट ते पोटच की. तुमी बी घ्या वाईच, तोंड उतरलंय तुमचं." म्हशीचं औषध मला लागू पडेल असं त्यांना का वाटलं, हे मी विचारलं नाही. काही प्रश्नांची उत्तरं न मिळालेलीच बरी असतात.

शेवटी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "मालकाचं नाव?" सांगितलं. "राहणार?" सांगितलं. "जात?" आयुष्यभर फॉर्म भरण्यात गेलेला माणूस मी. "हिंदू लिंगायत," मी सवयीनं सांगून टाकलं. मागे म्हैस घेऊन उभा असलेला शेतकरी खोकला की हसला ते कळलं नाही. "जनावराची हो," खिडकी म्हणाली. मी म्हटलं, "रस्त्यावरची." त्यानं 'गावठी' असं लिहिलं आणि शेंग्यानं, आपल्याला काय म्हटलंय ते कळल्यासारखं, त्याच्याकडे पाठ फिरवली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बोलायला चटपटीत. "काय काय खातो?" त्यांनी विचारलं. मी छाती पुढे काढून सांगितलं, "ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगाचटणी. घरात आम्ही खातो तेच. शुद्ध शाकाहारी आहे तो."

त्यांनी शेंग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शाकाहाराचं तुम्ही ठरवलं, की त्यानं?"

त्यांनी मग सगळं समजावून सांगितलं. तिखट, मीठ, लसूण, कांदा बंद. गोडधोड बंद. शिजवलेली हाडं तर अजिबात नकोत, ती आतड्यात टोचतात. मऊ भात किंवा दुधात कुस्करलेली नव्हे, पाण्यात भिजवलेली भाकरी, उकडलेला भोपळा, थोडं दही. "आणि प्रोटीन पाहिजे. चिकन जमत नसेल तर उकडलेलं अंडं तरी द्या. आणि वेळच्या वेळी, मोजकं."

भोपळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. अंड्यापाशी माझं घोडं अडलं. आमच्या घरात अव्वाची रोज सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा असते. माझ्या जन्मात त्या उंबऱ्याच्या आत अंडं आलेलं नाही. केकसुद्धा आणला तर अव्वा आधी डब्यावरचा हिरवा ठिपका शोधते, आणि तिला चष्म्याशिवाय दिसणारी तेवढी एकच गोष्ट आहे. मी शिवलीलाला हळूच विचारलं. ती म्हणाली, "माझ्या भांड्यात नाही, माझ्या गॅसवर नाही, आणि अव्वांना कळलं तर मला काही माहीत नाही." याला आमच्या ऑफिसात सशर्त मंजुरी म्हणतात.

जुळे सोलापुरात अंडी घेतली तर संध्याकाळपर्यंत आमच्या मठात बातमी पोचेल, म्हणून मी थेट नवी पेठेच्या पलीकडे गेलो. हेल्मेट काढलं नाही. अंड्यांच्या गाडीवाल्याला हेल्मेटच्या काचेआडून म्हटलं, "दोन अंडी." तो म्हणाला, "गावरान की बॉयलर?" म्हणजे इथेही जात विचारतात! "कुठलीही," मी म्हटलं. "उकडून, की आमलेट मारू?" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की बाकड्यावर बसलेल्या गिऱ्हाइकानं वळून बघितलं. हातात आमलेट-पाव आणि मिशीला सॉस. ते सिद्रामप्पा होते.

हेल्मेटचा काही उपयोग झाला नाही. माझ्या गाडीचा नंबर त्यांना पाठ होता. आम्ही दोघांनीही एकमेकांच्या चपला बघून घेतल्या. आमचा मठ एक, स्वामी एक, प्रवचनाला बसायची जागाही शेजारी शेजारी.

"डॉक्टरांनी सांगितलंय. गुडघ्यासाठी," ते शेवटी म्हणाले.

"मलाही डॉक्टरांनीच सांगितलंय," मी म्हटलं. "कुत्र्यासाठी."

"हां हां," सिद्रामप्पांनी मोठ्या समजूतदारपणे मान हलवली. "हेही चांगलं आहे की. मला सुचलं नव्हतं."

मी पोटतिडकीनं सांगत होतो की खरंच कुत्र्यासाठी आहे, आणि जितकं जास्त सांगावं तितकी त्यांची मान जास्त प्रेमानं हलत होती. ज्यानं जन्मात अंडं चाखलं नाही त्याच्यावर हा आळ, आणि तोही आमलेट खाणाऱ्याकडून. हा अपमान गिळून मी घाईघाईनं कच्चीच अंडी खिशात घातली. घरापर्यंत एकच पोचलं. दुसऱ्याचं काय झालं ते माझ्या पँटला माहीत.

उरलेलं अंडं गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, ऑफिसातून आणलेल्या जुन्या विजेच्या किटलीत उकडायला ठेवलं. किती वेळ ठेवायचं ते ठाऊक नव्हतं. मोबाइलवर एकजण काही सांगे, दुसरा काही. मी मधला मार्ग काढला आणि सोलायला गेलो तर आतून सगळं बुशशर्टावर आलं. दुसऱ्या दिवशी नवं अंडं आणून ते धसक्यानं इतकं उकडलं की ते जमिनीवर आपटूनही फुटेना. शेंग्यानं मात्र ते शांतपणे खाल्लं आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की इतकी वर्षं हे लपवून ठेवलं होतंस होय?

आता सगळं यथासांग सुरू झालं. सकाळी भात, भोपळा, दही. संध्याकाळी भिजवलेली भाकरी आणि गच्चीवरचं गुप्त अंडं. मी स्वतःच्या हातानं वाढत होतो. शेंग्याचं पोट सुधारायला हवं होतं. ते सुधारलं नाहीच, वर तो गोल व्हायला लागला. मोजकं खाणारा प्राणी फुगतो कसा आणि त्याचं पोट बिघडतं कसं, हे मला कळेना. डॉक्टरीणबाईंनी तपासणीसाठी नमुना मागितला, म्हणून मी मोकळ्या प्लॉटवर डबी घेऊन त्याच्या मागे मागे हिंडलो. मी बघतोय म्हटल्यावर शेंग्यालाही लाज वाटली असावी, कारण तो जागचा हलेना. समोरच्या बाल्कनीतून लोक बघत होते. मी डबी मागे लपवून सूर्यास्त बघत असल्याचं दाखवलं. सूर्य माझ्या पाठीमागे होता.

पण कुतूहल गप्प बसू देईना. शेवटी एक दिवस संध्याकाळी शेंग्याला नेहमीसारखं पाय मोकळे करायला खाली सोडलं आणि चपला हातात घेऊन मीही मागोमाग निघालो.

तो खाली गेलाच नाही. आधी सिद्रामप्पांच्या दारासमोर जाऊन बसला. भुंकणं नाही, दार खरवडणं नाही. मठातले स्वामी भिक्षेला येऊन दारात उभे राहतात, तसा अगदी शांत. थोड्या वेळानं दार उघडलं, एक हात बाहेर आला, त्यात तुपातली खारी होती. शेंग्यानं ती घेतली आणि उगाच न रेंगाळता पुढच्या घरी गेला. तिथे पोळीचा लाडू. तळमजल्यावर बजाबाईंनी त्याच्यापुढे ताक ठेवलं, बहुतेक हिंगाचं, आणि वर जिलेबी. "खा रं माज्या राजा. तुजा मालक भोपळा खायाला घालतोय म्हनं. काय दिस आले!"

आणि मग आबासाहेबांचं दार उघडलं. बनियनवर खुद्द आबासाहेब. हातात थाळी, थाळीत काळ्या मसाल्यातल्या मटणाची हाडं. इकडे तिकडे बघून त्यांनी थाळी खाली ठेवली आणि ज्या आवाजात ते कधी नातवाशीही बोलत नाहीत त्या आवाजात म्हणाले, "आलास व्हय रं? तुजीच वाट बगत हुतो. नळी ठेवलीया बग तुला."

मी जिन्याच्या वळणावर चपला छातीशी धरून उभा होतो. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला! मी तिकडे अंडी उकडत बसलो होतो आणि इकडे अख्खी सोसायटी त्याला पंगतीला बसवत होती. त्याच क्षणी पुढे होऊन आबासाहेबांना पकडावं असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती.

मीटिंग पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, थर्मासातला चहा. कधी मीटिंगला न येणारी अव्वा त्या दिवशी हट्टानं खाली आली होती आणि शेंग्याचा पट्टा तिच्या खुर्चीला बांधला होता. पाणी, टँकर, लिफ्ट यांवर नेहमीची भांडणं झाली. मग आबासाहेब घसा साफ करून उठले. "आता कुत्र्याचा विषय. समद्यांच्या तब्येतीचा प्रश्न हाय. गाडी सांगून ठेवलीया, उद्याच वैरागला..."

मी उठून उभा राहिलो. "ठरावाआधी एक विनंती आहे. कुत्र्याचा पट्टा सोडू द्या."

"चावला कुणाला तर?"

"त्याची वेळ झाली आहे," मी म्हटलं आणि पट्टा सोडला.

शेंग्या उठला, अंग झटकलं आणि नेहमीच्या क्रमानं भिक्षेला निघाला. आधी सिद्रामप्पांसमोर बसला. त्यांचा हात सवयीनं खिशात गेला आणि खारी बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सगळे बघताहेत. मग बजाबाई. त्यांनी लाजबिज न धरता पदराच्या गाठीतून जिलेबीचा तुकडा काढला. एकेका खुर्चीपुढे तो थांबत गेला आणि एकेक मान खाली जात गेली. शेवटी आबासाहेब. तिथे मात्र तो नुसता बसला नाही. चारी पाय वर करून उताणा झाला आणि शेपटीनं पार्किंग झाडायला लागला. इतकी सलगी त्यानं माझ्याशीही कधी दाखवली नव्हती, आणि ते मला लागलं.

हशा पिकला. आबासाहेबांचा चेहरा मिरचीसारखा झाला. "आता दारात आलेल्याला काय हाकलायचं असतंय व्हय? आन ते समद्यांकडं जातंय ते मला काय म्हाईत! मला वाटलं, माज्याकडंच येतंय."

"मलाबी तसंच वाटलं," बजाबाई म्हणाल्या.

मी विजयी मुद्रेनं म्हणालो, "म्हणजे आमचं घर सोडून सगळ्यांनी..." आणि थांबलो. कारण शेंग्या अव्वापाशी परत आला होता, आणि अव्वा पदराखालून तुपात माखलेल्या कडक भाकरीचा तुकडा काढत होती. त्यावर गूळ होता.

"अव्वा! तू पण?"

"निवद हाय देवाचा," ती शांतपणे म्हणाली. "रोज देते. निवदानं कुणाचं पोट बिघडतंय?"

मग कुणाच्या हातच्या खाण्यानं बिघडतं, यावर असा काही गलका झाला की टँकरचं भांडण परवडलं. खारीवाले हाडांना नावं ठेवू लागले, हाडांवाले ताकाला. शेवटी अव्वानं काठी फरशीवर आपटली. "साकु!" कानडीत ती 'पुरे' म्हणाली की आमच्या घरात पंखासुद्धा हळू फिरतो. पार्किंग गप्प झालं.

"दारात आलेल्याला इन्मुख पाठवू न्हाई, खरं हाय. पर भरल्या पोटावर वाढायचं, ते काय पुन्य न्हवं. आमच्या येळंला गरिबाची पोरं वार लावून जेवायची. आज ह्या घरी, उद्या त्या घरी. तसा ह्येला बी वार लावा. ज्येचा वार त्येनंच वाढायचं आन डाक्टरीण सांगंल त्येच वाढायचं. बाकीच्यांनी दार लावून घ्यायचं."

आबासाहेबांनी विरोध केला असता, पण शेंग्या अजून त्यांच्याकडे आशेनं बघत होता. "रविवार माजा," ते घाईनं म्हणाले. "बिगर मसाल्याचं चिकन, हाडं काडून. वैरागच्या गाडीवाल्याला नको म्हणून सांगतो." बघता बघता वार भरले. सिद्रामप्पांनी बुधवारी अंडं द्यायचं कबूल केलं. "माझ्याकडे असतात... म्हणजे, मिळू शकतात," असं म्हणून त्यांनी माझी नजर टाळली. बजाबाईंनी दही-भात घेतला.

सोमवार तेवढा उरला. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे सोमवारी अंडं यायचं होतं, आणि सोमवारी अंड्याला हात लावायला अंडी खाणारेही तयार होईनात. महादेवाचा वार. "त्या दिवशी उपास धरंल की कुत्रं," कुणीतरी म्हणालं.

"सोमवार आमचा," अव्वा म्हणाली.

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "अव्वा, अंडं आहे ते. उकडायला लागतं."

"ठावं हाय मला. टाकीमागं चाललंय ते बी ठावं हाय. तुझ्या बुशकोटाचा वास कुणाला येत न्हाई व्हय?" तिनं शेंग्याच्या मानेवरून हात फिरवला. "त्येच्या गळ्यात पट्टा हाय रं, लिंग न्हाय. आपल्या नेमापायी त्येनं का उपाशी ऱ्हावं?"

आबासाहेबांनी चष्मा पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

आता शेंग्याचं पोट उत्तम आहे. कंबर दिसायला लागली आहे आणि जिना स्वच्छ आहे. या यशाचं श्रेय सोसायटीत अव्वाला, सिद्रामप्पांच्या लोड बॅलन्सला आणि बजाबाईंच्या हिंगाला दिलं जातं. अंडी खातो म्हणून माझं नाव झालं ते वेगळंच.

दर सोमवारी संध्याकाळी मी गच्चीवर किटली लावतो. अव्वा खुर्ची घेऊन येते आणि किटलीकडे पाठ करून, टाकीकडे तोंड करून बसते. रुद्राक्षाची माळ काढून पंचाक्षरी जपायला लागते. मोबाइलवरच्या कुणालाच न जमलेला हिशेब तिनं एका सोमवारी बसवला. माळ पुरी होऊन मेरुमण्यापाशी बोट आलं की ती मान न वळवता सांगते, "उतरव आता." अंडं तेव्हा बरोबर झालेलं असतं, ना कच्चं ना दगड.

मी सोलून देतो. शेंग्या खातो. अव्वाची पाठच असते आमच्याकडे.

"खाल्लं का रं त्येनं?"

"खाल्लं."

"समदं?"

"सगळं."

मग ती माळ डोळ्यांना लावते आणि उठते. "चल," म्हणते, "शिवलीलाला पान वाढाय सांग. माझा उपास सोडते आता."